पायऱ्यांवरचं ऊन

चौकातलं ऊन गेलं आणि सीताबाईंनी पाण्याच्या बाटलीचं टोपण घट्ट लावलं.

"असं काय करता, आत्ती?" सून दीपा म्हणाली. "मोबाइलमध्ये दिवस मावळायची वेळ सव्वासहा दाखवतंय. अजून तासभर हाय की."

"मग सूर्य कुठाय दाव."

सूर्य डोंगराआड गेला होता. चारी बाजूंनी डोंगर आणि मधल्या खोलगट जागेत स्पॅनिश लोकांनी कधीकाळी वसवलेलं हे मेक्सिकोतलं जुनं शहर. मुलाची, पारसची, बदली या देशात झाली, म्हणून सीताबाई कोल्हापूरहून आल्या होत्या. मंगळवार पेठेत समोरच्या गच्चीच्या कठड्यावरनं ऊन उतरलं की सीताबाईंचं खाणंपिणं बंद, ते दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत. या जैन व्रताच्या एकतीस वर्षांत त्यासाठी घड्याळ बघावं लागलं नव्हतं.

सकाळी नऊनंतर पोटात काही नव्हतं. मधुमेहाची गोळी जेवणाबरोबरची. आणि डबा राहिला होता खाली गाडीत.

पारस धापा टाकत डबा घेऊन आला. आईचा चेहरा बघून काय झालं ते त्याला कळलं.

"आई, चक्कर येऊन पडशील. एक दिवस चालतं. मी तर इथं रोज रात्रीच जेवतोय."

बोलून गेल्यावर त्यानं मान खाली घातली. सीताबाईंनी डब्याच्या झाकणावरून नुसता हात फिरवला.

दीपा समोरच्या चढाच्या बोळाकडं बघत होती. "आत्ती, वर बघा. त्या पायऱ्यांवर अजून ऊन हाय."

"गुडघं माझं हायत, बाई. तुझं न्हाईत."

तरी त्या उठल्या. सुनेच्या खांद्यावर हात ठेवून तीसेक पायऱ्या चढल्या. उन्हातल्या पहिल्या पायरीवर बसून त्यांनी णमोकार म्हटला, गोळी घेतली, भाकरी मोडली. तीन घास होईतो सावली पायाशी आली. त्या एक पायरी वर सरकल्या. पुन्हा तीन घास, पुन्हा एक पायरी. डबा धरून दीपा मागोमाग. वरून येणारी माणसं भिंतीला लागून वाट देत होती.

पारस खालीच, सावलीत उभा होता.

भाकरीची चतकोर उरली. सीताबाईंनी तिचे दोन तुकडे केले आणि शेजारची जागा पदरानं झाडली.

"ये की लवकर," त्या खाली पारसकडं बघत म्हणाल्या. "अजून दोन पायऱ्या ऊन हाय."