रुमालाखालची बोटं

गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता सौदीत अल-खोबरला लेकाकडे पोलीस बँडमधले निवृत्त दत्ताजी कॉर्नेट, म्हणजे त्यांचं छोटं पितळी तुतारीसारखं वाद्य, वाजवत होते. सातला डॉक्टर त्यांचे पुढचे दात काढणार होते. पुन्हा अशी फुंक जमणार नव्हती. बोटांवर नेहमीप्रमाणे रुमाल होता. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतला एक जॅझवादक म्हणे असाच रुमाल टाकायचा, करामत कुणी चोरू नये म्हणून. तरुणपणी ते ऐकल्यापासून दत्ताजींनीही आपली धून कुणाला दिली नव्हती. "आजोबा, दिखाओ ना! मैं चोर हूँ?" नात म्हणाली. "आहेसच. माझी बिस्किटं कोण पळवतं?" हसत त्यांनी रुमाल खिशात घातला, तिची बोटं कळांवर धरून एकेक सूर गिरवून घेतला. दात काढून बारा दिवस झाले. नात रोज वाजवते. शेवटचा सूर अजून लागत नाही. तो कसा फुंकायचा, हे दत्ताजींना आता वाजवून दाखवता येत नाही, आणि शब्दांत सांगता येत नाही.