चौथा अर्ज

एकोणीस वर्षं तुम्ही तिच्याकडून हा माइक पुसून घेतलात, अध्यक्षमहाराज, पण त्यात तिला एक शब्दही बोलू दिला नाहीत! अख्ख्या वस्तीनं मतं देऊन त्या झाडूवालीला नगरसेविका म्हणून याच सभागृहात पाठवलं होतं. नाव पुकारताच ती ताठ उभी राहिली आणि सवयीनं रुमाल काढून माइक पुसू लागली. सभागृह खो खो हसलं. “बाई, साफसफाई उरकली असेल तर बोला,” तुम्ही टोमणा मारलात. “तुमच्या थापांची पुटं चढलीत, साहेब. वेळ लागणारच!” हसणाऱ्यांच्या बत्तिशा मिटल्या. तिनं पिशवीतून तीन चुरगळलेले कागद काढून तळहातानं सरळ केले. “नळासाठी वस्तीनं केलेले अर्ज. केर काढताना तिन्ही मला तुमच्या टेबलाखालच्या टोपलीत सापडले. चौथा अर्ज तोंडी आहे. तो टोपलीत मावायचा नाही. आमच्या वस्तीला नळ कधी देताय? बोला!”