१८४१ची गिनी

१९७४च्या दिवाळीनंतर एका मंगळवारी शामला इतवारी बाजारात जुन्या नाण्यांची पारख करणाऱ्या पेशनेंकडे एकटीच आली. तिच्या वडिलांनी दिलेली गिनी पेशनेंनी भिंगाखाली धरली. साल १८४१ होतं. त्या सालच्या गिन्या फार थोड्या उरल्या आहेत, संग्राहक सोन्याच्या भावाच्या दहापट देईल, असं त्यांनी सांगितलं.

"ही पोरीच्या शिक्षणासाठी ठेवली, काकाजी," ती म्हणाली. "आमच्या यांच्या धंद्यात माह्यं गळ्यातलं डोरलं गेलं. हे विचाराले आले, तर नुसत्या सोन्याचा भाव सांगा."

बुधवारी ती नवऱ्यासोबत, मनोहरसोबत, आली. गळ्यात नुसते काळे मणी होते. तीस वर्षांत पेशनेंनी पहिल्यांदाच खोटा भाव सांगितला. "साधी गिनी आहे. जेवढं सोनं, तेवढीच किंमत."

मनोहरचा चेहरा उजळला. "पाह्य वं! अन् तू म्हणत होती, जुनी हाय, मोडू नका." मग तो पेशनेंना हळूच म्हणाला, "हिचं डोरलं मीच मोडलं, काकाजी. चार बायकांत हिले मान खाली घालून बसा लागते. याच सोन्याचं नवीन करून देतो. सोनाराले भट्टी पेटवून ठेवाले सांगूनच आलो."

शामलाचा हात गळ्यातल्या काळ्या मण्यांवर गेला. नवरा डोरलं करून देतो म्हणतो, त्याला कोणती बाई नाही म्हणेल?

मनोहरनं पेशनेंचा हात धरला. "तुम्हीही चला, काकाजी. तुमच्यासमोर आटवली, म्हणजे सोनार सोन्यात हात मारणार नाही."