एका गाडीची जागा

शेवटच्या तीन फेऱ्या उरल्या होत्या आणि मास्तरीणबाईंचं कोपर पुन्हा एकदा मटारच्या ताटाला लागलं.

“आई, जरा सरकवता का ताट?”

“जेवायचं टेबल आहे हे,” सासूबाई शेंग सोलता सोलता म्हणाल्या. “शर्यती लावायला बांधलेलं नाही.” आणि ताट मागे घ्यायचं सोडून त्यांनी ते दोन बोटं पुढेच सारलं.

वाद घालायला सवड कुणाला होती? टेबलाच्या कडेला आवळून बसवलेलं स्टिअरिंग हातात, भिंतीला टेकवलेली पेडलं पायाखाली, आणि पडद्यावर अगदी नाकासमोर डॉक्टरांची निळी गाडी. डॉक्टर म्हणजे गुरांचे डॉक्टर. कुठल्याशा दुसऱ्या गावात, आपल्या घरात, तेही असंच स्टिअरिंग धरून बसले होते. बाई दिवसभर लोकांना गाडी चालवायला शिकवतात, म्हणून ऑनलाइन शर्यतवाल्यांनी त्यांना मास्तरीणबाई करून टाकलं होतं. आजची शर्यत मोसमातली शेवटची. पहिला येईल तोच वरच्या गटात जाणार होता, आणि मास्तरीणबाईंचा नंबर अख्ख्या मोसमात दुसऱ्याच्या वर काही सरकला नव्हता. आज त्यांना पहिलं यायचं होतं, लहान पोरासारखं हट्टाने यायचं होतं.

उताराच्या तळाशी उजवं वळण आलं. डॉक्टरांनी ब्रेक लावला, बाईंनीही लावला. पण स्टिअरिंग फिरवताना कोपर ताटाच्या काठावर अडलं. क्षणभरच अडलं, तरी तेवढ्यात गाडी सरळ गेली आणि निळ्या गाडीच्या मागच्या चाकाला घासली. निळी गाडी गर्रकन फिरून गवतात जाऊन बसली. बाई पहिल्या!

“आलीस की गं पुढे!” सासूबाई ओरडल्या. शर्यतीशी आपलं काही देणंघेणं नाही असं दाखवत त्या मघापासून पडद्यावरच डोळा ठेवून होत्या.

स्पीकरमधून डॉक्टरांचा आवाज आला. “छे! मागचं चाकच घसरलं माझं. पळा बाई, तुमचाच दिवस आहे.”

मास्तरीणबाईंनी पडद्यावरच्या आरशात मागे पाहिलं. धक्का देऊन मिळवलेली जागा आपणहून परत करायची, असा या मंडळींचा नियम होता. पंच बघायचे ते तक्रार आली तरच, आणि डॉक्टर तक्रार कशाची करणार? बाईंच्या शिकवणीच्या गाडीत त्यांच्या पायाखालीही एक ब्रेक होता. तो त्यांनी हळूच दाबला की शिकणाऱ्याला वाटायचं, गाडी आपणच थांबवली. डॉक्टरांचं आत्ता अगदी तसंच झालं होतं. बाकीच्या गाड्या पार मागे होत्या. आता नुसतं पळत सुटायचं होतं.

बाईंनी पाय उचलला.

“थांबलीस का? पेट्रोल संपलं?”

“धक्का मी मारला त्यांना, आई.”

“त्याला कुठे कळलंय?”

“म्हणून तर सांगायला हवं.”

ताटाबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. सासूबाईंच्या हातातली शेंग मात्र अर्धी सोललेली तशीच राहिली.

“डॉक्टर, चाक नाही घसरलं तुमचं, मी धडकले. या, पुढे व्हा.”

निळी गाडी गवतातून बाहेर आली, जवळ येऊन जरा घुटमळली आणि पुढे निघून गेली. “कमाल आहे बाई तुमची,” डॉक्टर म्हणाले. “पण आता काही सोडत नाही हं मी!”

“सोडू नकाच.”

मग मात्र बाई अशा सुटल्या की विचारू नका. दोन फेऱ्या त्या निळ्या गाडीला चिकटून राहिल्या, पण पुन्हा एकदाही तिला लागल्या नाहीत. कोपर अंगाशी आवळून धरल्याने खांद्याला रग लागली होती. शेवटच्या वळणाला डॉक्टर केसभर बाहेर गेले आणि बाईंनी गाडीचं नाक आत घातलं.

आता सगळं डॉक्टरांच्या हातात होतं. त्यांनी स्टिअरिंग जरा आत घेतलं असतं तर बाई भिंतीला लागल्या असत्या, आणि चूक कुणाची यावर मंडळी आठवडाभर भांडत बसली असती. पण शेजारी गाडी आली की तिच्यापुरती जागा ठेवायची, हाही नियमच होता. डॉक्टरांनी ती ठेवली. दोन्ही गाड्या आरशाला आरसा लावून वळणातून बाहेर पडल्या आणि बाईंनी पेडल पार तळाला नेलं.

अर्ध्या बॉनेटने जिंकल्या!

मास्तरीणबाईंनी अशी काही किंकाळी फोडली की सासूबाईही आनंदाने उठून उभ्या राहिल्या. त्या गडबडीत ताट कलंडलं आणि मटार घरभर झाले. बाईंना हसू आवरेना, डोळ्यांतलं पाणीही आवरेना. स्पीकरवर सगळे एकाच वेळी बोलत होते. त्यातून डॉक्टरांचा आवाज वर आला.

“एका गाडीची जागा ठेवली होती बाई. इंचभरही जास्त नाही.”

“तेवढी पुरली की!”

सासूबाईंनी खाली बसून मटार गोळा केले. बाई मदतीला उठू लागल्या, तर त्यांनी हातानेच त्यांना खाली बसवलं.

“वरच्या गटातली शर्यत कधी तुझी?”

“पुढच्या रविवारी.”

सासूबाईंनी भरलेलं ताट टेबलावर ठेवलं. थोडा विचार केला, आणि ते ओढत आपल्या टोकाला, अगदी पोटाशी नेलं.

“एका गाडीची ठेवलीय,” त्या पुढची शेंग उचलत म्हणाल्या. “जास्त मागू नकोस.”