कोऱ्या ठोकळ्यातली चांदणी

स्तनांचे एक्स-रे काढणारं मशीन नीट चालतंय ना हे बघायला ती रोज सकाळी आधी कोऱ्या प्लास्टिकच्या ठोकळ्याचा फोटो काढायची. आज कॉम्प्युटरने त्या भरीव ठोकळ्यात लाल वर्तुळ काढलं. आत चांदणीसारखी गाठ!

"अहो, मग ठोकळ्यालाच ॲडमिट करून घ्या!" डॉक्टर हसले.

मग तिची थोरली बहीण आली. मागच्या आठवड्यात ताईच्या फोटोत असंच वर्तुळ उमटलं होतं. उद्या ऑपरेशन होतं. ऑपरेशनआधी काढलेला आजचा फोटो मात्र स्वच्छ निघाला, गाठच नाही.

"कालपर्यंत ठसठसत होतं गं," ताई म्हणाली. "सकाळी उठले, तर काहीच नाही."

तिने ताईचा जुना फोटो ठोकळ्याच्या फोटोवर धरला. चांदणी बरोबर चांदणीवर बसली.

तिने ठोकळ्यावर तळवा टेकवला. ठोकळा नेहमीसारखा गार होता. फक्त तेवढ्या जागी, अगदी हळू, ठसठसत होतं.