तपासलेला लेख

लष्करी चर्चेच्या त्या वेबसाइटवर दोन हजार प्रतिक्रिया ठोकल्या की माणूस 'कर्नल' व्हायचा. असाच एक कर्नल, पोटापाण्यासाठी फरशा विकणारा, सभासदांचे लेख तपासायचा. एका म्हाताऱ्या सभासदाचा लेख वाचून त्याचं टाळकंच फिरलं आणि त्याने उत्तर लिहून पाठवलं.

"म्हणे, गोळ्या संपल्यावर चौकीवरचे जवान ढसाढसा रडले! अहो महाशय, तिथून एकही माणूस जिवंत परतला नाही. मग तुमच्या कानात कोण सांगून गेलं? हा घ्या स्मारकाचा फोटो. त्या वीरांची नावं वाचा आणि जरा लाज बाळगा. लेख रद्द!"

"गप्प काय बसलात? चांगलं खडसवा की त्याला!" ते वाचून म्हाताऱ्याशेजारी बसलेली त्याची बायको फणकारली.

म्हाताऱ्याने दोन बोटांनी फोटो मोठा केला.



वरून तिसरं नाव त्याचंच होतं; बायकोलाही कधी न सांगितलेलं खरं नाव.