दीपगृह आणि साडूंची मोटार

१७ नोव्हेंबर २०१९, दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी मी दीपगृहाचा पहिला फोटो घेतला आणि चौकटीच्या मधोमध साडूंची मोटार आली. सहा वर्षे खपून नव्यासारखी केलेली ती जुनी गाडी त्यांनी मुद्दामच माझ्यासमोर, पाण्यालगतच्या ओल्या वाळूत आणून उभी केली होती.

"साडूभाऊ, गाडी जरा वर घ्या. दीपगृह झाकलं जातंय."

"अहो, त्या खांबाला विचारतो कोण? गाडीमुळे तरी चार लोक तुमचा फोटो बघतील! तुमच्या पॉलिटेक्निकात नटबोल्ट शिकवतात, सौंदर्य नाही."

बायकांसमोर एवढे बोलून, किल्ली खिशात टाकून ते हॉटेलच्या खोलीवर झोपायला गेले.

भरतीचे वेळापत्रक मी त्यांना दाखवणारच होतो. ते घडी घालून पुन्हा खिशात ठेवले, ट्रायपॉड वरच्या खडकावर पक्का बसवला आणि दर पंधरा मिनिटांनी एक फोटो घेत राहिलो. पाणी आधी चाकांना लागले, मग दारांना, मग काचांना. साडूंना कोणी उठवले नाही.



एकूण फोटो चौदा. त्यांपैकी तेरांत गाडी आहे.